जुन्या बोटीचा रंग खरवडताना शिसं अंगात जातं का?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या खाडीत जेटीच्या वरच्या अंगाला एक जुनी लोखंडी प्रवासी बोट ओढून ठेवली आहे. सत्तरच्या दशकातली असावी. मुंबईच्या कुणीतरी विकत घेतली, तिचं तरंगतं हॉटेल करणार म्हणे. माझा आतेभाऊ त्या कामावर आहे, रोजंदारीने. चिपिंग हॅमरने पोपडे पाडायचे, मग ग्राइंडरला वायरचा ब्रश लावून पत्रा लख्ख करायचा, आणि कुजलेल्या प्लेटा गॅसने कापायच्या वेळी फिटरच्या हाताखाली राहायचं. वरचा रंग पांढरा, त्याखाली निळा, कुठेकुठे हिरवा आणि तळाशी भडक नारिंगी. पोरगा संध्याकाळी घरी येतो तो भुवयांपर्यंत नारिंगी होऊन.

नारिंगी थर शिशाचा असतो असं कुणीतरी सांगितलं. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, "तीस वर्षं हेच करतोय, मला काय धाड भरली?" रोज सुट्टीच्या वेळी सगळ्यांना गुळाचा खडा देतो, त्याने धूळ धुऊन जाते म्हणे. तोंडाला टॉवेल बांधतात, बाकी काही नाही.

खरंच शिसं असतं का, असेल तर ओळखायचं कसं आणि काय केलं म्हणजे निभावेल, हे जाणकारांनी सांगा. फक्त 'काम सोड' म्हणू नका. आंब्याचा हंगाम संपला, पोराच्या हाताला दुसरं काम नाही.

आठळी
गूळ खावन शिसा भायर येता? मगे घाटावरच्या गुऱ्हाळवाल्यांनी बॅटऱ्यांचो कारखानो काढूक काय हरकत नाय.

लाल_माती
उगाच घाबरवू नका लोकांना. नारिंगी-तांबडा म्हणजे रेड ऑक्साइड. ते लोखंडाचं असतं, आपल्या खिडकीच्या गजांना लावतो तेच. त्यात शिसं नसतं.

डोलकाठी
मर्चंट नेव्हीत इंजिनवर आयुष्य गेलं, आता गुहागरात नारळ मोजतो. त्यामुळे सविस्तर लिहितो.

लाल_माती, रेड ऑक्साइडमध्ये शिसं नसतं हे बरोबर. पण रेड ऑक्साइड विटकरी दिसतं. भडक नारिंगी म्हटलं की रेड लेडचा संशय घ्यायचा. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर हाच. जवसाच्या तेलात खलून तो लोखंडावर फासला की तेलाशी त्याचा साबण बनतो आणि गंज धरत नाही. खाऱ्या हवेत याच्या तोडीचं स्वस्त काही मिळत नव्हतं, म्हणून शंभराहून अधिक वर्षं जगभरच्या गोद्यांनी तो वापरला. या भुकटीत वजनाने नव्वद टक्के शिसंच असतं. आपल्या घरच्या रंगाला सध्या मर्यादा आहे ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भाग. तुलना करून बघा.

शिसं फक्त प्रायमरमध्ये, म्हणजे पत्र्यावरच्या पहिल्या हातात होतं असंही नाही. लाइफबोटीचा केशरी, यंत्रांवरचा पिवळा, पाइपांवरचे खुणेचे पट्टे यांत लेड क्रोमेट असायचं. त्यात शिशाच्या जोडीला क्रोमियम, आणि तेही घातक जातीचं. आणि बोटीचा रंग कुणी पूर्ण काढून लावत नाही. गंजला तेवढा भाग ठोकायचा, वरून नवा हात मारायचा. त्यामुळे वरचा डबा कालचा असला तरी तळाचा थर बोट बांधली तेव्हाचा असू शकतो. खाडीकाठ यांनी थर सांगितलेत ते वाचूनच माझी खात्री पटत चालली आहे, पण डोळ्यांनी निदान करू नये. पोपड्याचा तुकडा लॅबला द्या. तो पत्र्यापर्यंतचा, सगळे थर धरून काढलेला पाहिजे. नुसता वरचा पापुद्रा दिलात तर निकाल छान येईल आणि फसाल.

लाल_माती
बाजारात पट्ट्या मिळतात ना, घासल्या की रंग बदलतो?

डोलकाठी
मिळतात. शिसं असेल तर गुलाबी-लाल होणाऱ्या. आता नारिंगी रंगावर गुलाबी कसं ओळखणार ते तुम्हीच सांगा. लॅबच बरी. मोठ्या यार्डात बंदुकीसारखं क्ष-किरणांचं यंत्र असतं, भिंतीला टेकवलं की सेकंदात आकडा देतं, पण ते आपल्या खाडीत कोण आणणार.

गोदीवाला
मुंबईच्या गोदीत वेल्डर होतो, मूळ गाव देवगडकडे. चिपिंग वाईटच, पण खरा घात गॅस कटिंगमध्ये आहे, आणि ते कोणी सांगत नाही कारण धूर पांढरट, पातळ असतो. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं. गॅसची ज्योत तीन हजारांच्या वर. रंगासकट प्लेट कापली की शिशाची वाफ होते, थंड होताना इतकी बारीक पूड बनते की टॉवेल काय, कापडाचा मास्कही तिला अडवत नाही. कापणारा निदान तोंड बाजूला घेतो. हाताखालचं पोरगं प्लेट धरून बरोब्बर धुरात उभं असतं. खाडीकाठ, तुमचा आतेभाऊ तिथेच उभा आहे.

आमच्याकडे एक जुना फोरमन होता. त्याचा नियम एकच: खडूने रेघ मारली की तिच्या दोन्ही अंगाचा रंग चार बोटं खरवडून काढल्याशिवाय बत्ती पेटवायची नाही. आम्ही शिव्या घालायचो, वेळ जातो म्हणून. पुढे कळलं की अमेरिकेच्या शिपयार्डांच्या नियमातही बंदिस्त जागेसाठी हेच लिहिलंय: ज्योत लावायच्या जागेपासून चार इंच विषारी रंग काढा, नाहीतर बाहेरून हवा पुरवणारा मास्क द्या. टाकीत आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, तर याला पर्यायच नाही.

अजून एक. गॅल्व्हनाइज पत्रा वेल्ड केला की रात्री थंडी वाजून ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो. तो जस्ताचा. पोरं त्यालाच 'धुराचा ताप' म्हणतात आणि ताप उतरला की समजतात सगळं निघून गेलं. शिशाचा असा ताप येत नाही. ते गुपचूप साठतं.

आठळी
गोदीवाले काका, त्या फोरमनाक आमच्या वाडीत धाडा. हय पायपाच्या वेल्डिंगाक पोरगो गॉगल म्हणान डोळे मिटता.

नाडीपरीक्षा
डॉक्टर आहे, कारखान्यांतल्या कामगारांची तपासणी हे माझं रोजचं काम. इथे कुणालाही न तपासता औषध सांगणार नाही, पण काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

रंगातलं शिसं शाबूत कातडीतून जवळपास जात नाही. जातं नाकाने आणि तोंडाने. नाकाचं गोदीवाल्यांनी सांगितलं. तोंडाचं मी सांगतो, कारण ते आपल्याकडे जास्त लागू आहे: तळहातावर तंबाखू-चुना मळणं. दिवसभर ज्या हाताने पोपडे पाडले त्याच हातावर मळून तो बार गालात धरायचा, म्हणजे शिसं चमच्याने भरवल्यासारखंच. विडीचं तेच. सुट्टीत डबा बोटीवरच उघडतात, तोही त्यातलाच.

लक्षणं फसवी. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, तोंडाला धातूची चव, डोकेदुखी, चिडचिड, अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं. गावात अशा माणसाला ॲसिडिटीची गोळी मिळते, फार तर मुतखड्याची सोनोग्राफी होते. कुणी 'काम काय करतोस' हे विचारतच नाही. पुढे रक्त कमी होतं, ब्लड प्रेशर वाढतं, मूत्रपिंडं झिजतात, मूल होण्यात अडचण येते. खूप वाढलं तर मनगट लुळं पडतं. हिरडीच्या कडेला निळसर रेघ येते असं पुस्तकात असतं, पण तंबाखू खाणाऱ्याच्या हिरडीवर ती शोधून दाखवा.

निदान एकाच गोष्टीने होतं: शिरेतून काढलेल्या रक्तातल्या शिशाची तपासणी. गावची लॅब रक्त घेऊन मुंबईला पाठवते. आधी विचारून घ्या की धातूंच्या तपासणीची वेगळी ट्यूब आहे का, आणि त्या दिवशी पोराला कामावरून थेट नेऊ नका, आंघोळ करून स्वच्छ हाताने न्या.

गूळ आणि दूध यांच्यावर राग नाही माझा. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या शरीरात शिसं जास्त शोषलं जातं, त्यामुळे पोटभर चांगलं जेवण हवंच. पण फुप्फुसात गेलेली धूळ गूळ कशी धुणार? त्याचा रस्ताच वेगळा. मालकाला गुळाची ढेप मास्कपेक्षा स्वस्त पडते एवढाच त्याचा गुण.

ठेका_धरला
मी स्वतः या धंद्यात आहे. बार्ज, टग, मच्छीमारांचे ट्रॉलर यांची कामं घेतो. सगळे मालकाला धोपटायला बसलेत म्हणून लिहितो.

पोरांना मास्क दिले की तासाभरात गळ्यात. इथली दमट हवा, पत्रा तापलेला, आत टाकीत तर घामाने चष्मा दिसत नाही. मी विकत आणलेले मास्क अर्धे घरी फवारणीला गेले. बोटीचा मालक दर ठरवताना टनावर बोलतो, त्यात 'शिसं' नावाची ओळच नसते. मी ती लावली तर काम पलीकडच्या खाडीत जाईल. पाण्याच्या प्रचंड दाबाने रंग काढायची यंत्रं असतात, धूळच उडत नाही, मला माहीत आहे. ती मोठ्या ड्राय डॉकना परवडतात. वाळूवर बोट ओढून काम करणाऱ्याने काय करायचं?

आणि मुकादम म्हणतो ते अगदीच खोटं नाही. माझ्याकडे जुनी माणसं आहेत, ठणठणीत.

नाडीपरीक्षा
ठेका_धरला, ठणठणीत आहेत कारण जे ठणठणीत नव्हते ते कधीच काम सोडून घरी बसले. ते मुकादम झाले नाहीत, त्यामुळे तुम्हाला दिसत नाहीत. आणि जे दिसतात त्यांचं बीपी शेवटचं कधी मोजलंत?

गोदीवाला
मास्क गळ्यात जातो हे खरं आहे, मी पण केलंय. पण कुठला मास्क देता तेही सांगा. दुकानातला कापडी देऊन 'पोरं वापरत नाहीत' म्हणणं बरोबर नाही. रबराचा अर्धा मास्क, दोन्ही बाजूला जांभळट-गुलाबी फिल्टरवाला, त्यात श्वास बराच सुसह्य असतो. दाढी असेल तर कडेने हवा शिरते, मग तो असून नसून सारखाच. टोळी बदलून दर तासाला सावलीत बसवलं तर पोरं घालतात. बसवणार कोण हा प्रश्न आहे.

मचवा
म्हणूनच म्हणतो लाकडी होड्या बऱ्या होत्या. आमच्या आजोबांच्या वेळी तळाला चुना आणि तेल, वर मोरी माशाचं तेल. वास मारायचा पण विष नव्हतं.

डोलकाठी
मचवा, आजोबांबद्दल आदर आहे, पण लाकडी गलबतांच्या फटींत आणि खिळ्यांच्या डोक्यांवर भरायची लांबी (पुटी) बऱ्याच ठिकाणी शेंदूर किंवा सफेत्याची असायची, जवसाच्या तेलात मळलेली. सफेता म्हणजेही शिसंच. जुन्या होडीला सँडपेपर मारताना हेच नियम लागू. आता सगळं फायबरचं झालंय तो भाग निराळा. त्याच्या धुळीचे वेगळे त्रास आहेत.

मचवा
बरं. नारळी पौर्णिमेच्या आधी रंगकामाला बसतो तेव्हा लक्षात ठेवतो. अशा दोन जुन्या होड्या आहेत आमच्या वाडीत.

रंगपंचमी
या धाग्यावरून आठवण झाली. मुंबईहून 'कोकण सेवक'ने येताना कठड्याला हात लावला की हाताला पांढरी पूड लागायची. हर्णे, दाभोळ, जयगड अशी बंदरं घेत जायची बोट. रात्री डेकवर सतरंजी, उलट्या करणाऱ्या आजीबाई, आणि पहाटे रत्नागिरीचा दिवा. काय दिवस होते!

आठळी
आमचे आजयेन त्या बोटीत खाल्लेली पोळी अजून आठवता. येताना नाय, जाताना. येताना ती समुद्रान खाल्ली.

रंगपंचमी
धक्क्यावर बोट लागायचीच नाही, मध्येच उभी राहायची आणि पडावातून उतरायचं. पावसाळ्यात तर चार महिने बंदच. भाऊच्या धक्क्यावरची ती गर्दी...

संपादक मंडळ
बोटीच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढावा. इथे विषयावर राहूया.

अर्जदार
कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून. डोलकाठी यांनी सांगितलेली ९० पीपीएमची मर्यादा २०१६च्या नियमांतली, १ नोव्हेंबर २०१७पासून लागू. पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. औद्योगिक आणि जहाजांच्या रंगांना ते नियम लागू नाहीत. म्हणजे नव्या डब्यातही शिसं निघू शकतं, डब्यावरची माहिती वाचून घ्या.

जहाजांसाठी हाँगकाँगचा २००९चा करार आहे, २६ जून २०२५ला अंमलात आला. भारताने २०१९लाच त्याला मान्यता दिली आणि जहाज पुनर्वापराचा कायदा केला. त्यात बोटीवर घातक पदार्थ कुठे-कुठे आहेत याची यादी ठेवावी लागते, शिसं त्या यादीत आहे. ऐकायला छान. पण करार ५०० ग्रॉस टनांच्या आतल्या जहाजांना लागू नाही, युद्धनौकांना नाही, आणि जन्मभर आपल्याच देशाच्या पाण्यात फिरलेल्यांनाही नाही. खाडीकाठ यांच्या प्रवासी बोटीचे कागद मागितले तर बहुधा अशी यादीच नसेल.

कामगाराच्या बाजूने: १९४८च्या कारखाने कायद्यात कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांची अनुसूची होती, तिच्यातलं पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं. आता हे कायदे नव्या कामगार संहितांत गेले, शिसं तिथेही आहे. डॉक्टरला असा रोगी आढळला तर कळवणं त्याचं कर्तव्य. नुकसानभरपाईच्या १९२३च्या कायद्यातही शिसं होतं, पण त्या गटातल्या रोगांना एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरीची अट. आता बघा, रोजंदारीवर, दर बोटीला ठेकेदार वेगळा, हजेरीची वही मुकादमाच्या खिशात. सहा महिने सिद्ध कोण करणार? म्हणून भावाला सांगा, रोजची हजेरी स्वतःच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव. पैसे गुगल पेवर घे, हातात नको. याचा उपयोग होतो.

ठेका_धरला
म्हणजे आता आमच्यावर केसेस.

अर्जदार
तुम्ही नीट काम केलंत तर तीच हजेरी तुमच्या बाजूने उभी राहील.

पारिजात
आशा सेविका आहे, राजापूर तालुक्यात. सगळे बोटीवरच्या माणसाबद्दल बोलताय, मी घरातल्यांबद्दल बोलते.

खाडीकाठ दादा, भाऊ नारिंगी होऊन घरी येतो म्हणालात. ते कपडे कोण धुतं? पडवीत झटकतं कोण? आमच्याकडे पोरं अंगणातून आली की धाकटी भावंडं पायाला मिठी मारतात, आणि रांगणारं मूल त्याच जमिनीवरचं बोट तोंडात घालतं. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या पोटात शिसं जास्त शोषलं जातं आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतो. शाळेत मागे पडलं, चंचल झालं की आपण म्हणतो अभ्यासात लक्ष नाही. गरोदर बाईच्या अंगातलं शिसं बाळात उतरतं. हे सगळं आम्हाला प्रशिक्षणात नव्हतं, मी नंतर डॉक्टरांना विचारून शिकले.

म्हणून पहिली गोष्ट कपड्यांची. कामाचे कपडे आणि चपला कामावरच राहू देत. तिथेच अंग धुऊन दुसरे कपडे घालून यायचं. ते जमत नसेल तर पिशवीत गच्च बांधून आणा, झटकायचे नाहीत, वेगळ्या बादलीत भिजवा, घरच्या कपड्यांत मिसळू नका. पडवी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याचंही रक्त तपासा.

गोदीवाला
पारिजातताई, शंभर टक्के. आणि सुट्टी झाली की पोरं कॉम्प्रेसरची नळी धरून एकमेकांचे कपडे झाडतात, ते बंद करा. मजा वाटते, पण ती सगळी पूड हवेत जाते आणि पुन्हा नाकात.

तिसऱ्या_मसाला
हे पोपडे जातात कुठे? आमच्याकडे भरतीला सगळं खाडीत. ओहोटीला त्याच चिखलात बायका तिसऱ्या आणि कालवं काढतात.

डोलकाठी
वाईट आहे. शिंपल्यातले जीव पाणी गाळून खातात, चिखलातले धातू त्यांच्यात साठतात. बोटीखाली ताडपत्री अंथरून पोपडे ड्रममध्ये भरायला फार खर्च नाही. ड्रम घातक कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यायचे. भंगारवाल्याला नको, तो जाळतो. सिंधुदुर्गात निवतीजवळ बुडवण्यासाठी नौदलाची निवृत्त 'गुलदार' आणली, तशा बोटी बुडवण्याआधी तेल आणि घातक माल काढून साफ करतात. हॉटेल करायच्या बोटीला निदान तेवढी शिस्त का नको?

ठेका_धरला
डोलकाठी साहेब, ताडपत्री करू. सुकं खरवडण्याऐवजी पाणी मारून ओलं खरवडलं तर धूळ कमी होईल का? पत्रा लगेच गंजेल ही माझी भीती.

डोलकाठी
बरीच कमी होते. हलका गंज येतोच, प्रायमरच्या आधी त्यावर एक हात फिरवावा लागतो, वेळ धरून चाला. ओल्यात विजेचा ग्राइंडर चालवू नका म्हणजे झालं, हाताचे स्क्रेपर नाहीतर हवेवर चालणारी हत्यारं. मोठ्या सपाट भागांना रंग काढायचं केमिकल लावता येतं, पण मिथिलीन क्लोराइडवालं बंद जागेत नको, त्याने माणसं मेली आहेत. झाडू बंद, व्हॅक्यूम बारीक फिल्टरचा. साधा व्हॅक्यूम मागच्या बाजूने सगळं बाहेर फेकतो.

आठळी
ठेकेदार इचारता आणि इंजिनियर सांगता. धागो वाचवन ठेवा, म्युझियमात लावया.

खाडीकाठ
मंडळी, उशीर झाला लिहायला, पण निकाल यायचे होते. पोपड्यांत वजनाने सतरा टक्के शिसं निघालं. लॅबवाल्याने फोन करून विचारलं की हे घराचं आहे का, बोटीचं म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं, मला नाही. भावाच्या रक्तात डेसिलिटरला ३४ मायक्रोग्रॅम. हिमोग्लोबिन साडेदहा. वहिनीचं आणि पुतणीचं रक्त पाठवलंय.

मुकादमाशी बोललो. तो रागावला, मग बोटीचा मालकच त्याला काहीतरी बोलला बहुतेक, कारण आता ताडपत्री आलीय आणि कापायच्या रेघेवरचा रंग आधी काढतात. आंघोळीला जेटीवर पाण्याची टाकी ठेवलीय. भावाला खरवडण्यावरून काढून वरच्या डेकवर सुतारांच्या हाताखाली दिलंय, हजेरी पन्नास रुपयांनी कमी. तो चिडलाय माझ्यावर. डॉक्टर, ३४ म्हणजे किती वाईट? शिसं काढायची गोळी मिळते म्हणे, ती घेतली तर परत खरवडायला जाईन म्हणतो.

नाडीपरीक्षा
३४ दुर्लक्ष करण्यासारखं मुळीच नाही. सुरक्षित अशी पातळी अजून कुणाला सापडलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शनात ५ किंवा त्यावर आलं की उगम शोधून तो बंद करा असं आहे. अमेरिकेतल्या कारखान्यांचा कामावरून हलवायचा आकडा ५०च्या आसपास आहे, पण तो नियम १९७८चा, आणि आज तो फारच सैल मानतात. त्यामुळे '५०च्या आत आहे ना' असं मुकादम म्हणाला तर ऐकू नका.

गोळीचं निक्षून सांगतो. शिसं बांधून लघवीतून काढणारी औषधं आहेत, पण ती रुग्णालयात, ठरावीक पातळीच्या वर किंवा लक्षणं असताना, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. औषध घेत पुन्हा धुळीत उभं राहायचं हा अघोरी प्रकार आहे. शिसं आत येतच असेल तर उलट नुकसान होऊ शकतं.

खरवडण्यापासून दूर झालाय हाच उपचार. रक्तातलं शिसं साधारण महिन्यात निम्म्याकडे येतं, पण हाडांत बसलेलं वर्षानुवर्षं थोडं थोडं बाहेर येत राहतं, म्हणून आकडा पुढे हळू उतरला तर घाबरू नका. महिन्याने पुन्हा तपासा. लोहाची तपासणी करून घ्या आणि मूत्रपिंडाचीही. हिमोग्लोबिन साडेदहाला जंतही कारण असतात आपल्याकडे, ते बघायला सांगा.

पारिजात
पुतणीचा निकाल आला की लिहा दादा. पाचच्या वर आला तर थेट बालरोगतज्ज्ञ, गावच्या टॉनिकवर थांबू नका. वहिनींना विचारा दिवस गेलेत का. आणि टोळीतली बाकीची पोरं? त्यांच्यापैकी कुणाच्या घरी तान्हं आहे का?

खाडीकाठ
दोघांच्या घरी आहे. वहिनीला विचारतो, म्हणजे आईला विचारायला सांगतो.

ठेका_धरला
खाडीकाठ, बाकीच्या पोरांच्या रक्ततपासणीचं बोटमालकाशी बोलून बघा, एकदम दिलं तर लॅब दर कमी करते. माझ्या आठ जणांचं मी या आठवड्यात करून घेतोय. लॅबचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आठळी
ठेकेदारानु, तुमचा पण एक काढा. मुकादमाचा पण.

ठेका_धरला
काढतोय. सगळ्यात आधी माझंच.

खाडीकाठ
नंबर व्यनि केलाय. ट्यूबचं आधी फोनवर सांगा, आम्हाला एक फेरी फुकट पडली. पुतणीचा निकाल गुरुवारी आहे, आला की टाकतो.